वाडीचा साकव आणि किशोरीचा अर्ज

मित्रांनो, मी पूल नाही. मिठबावच्या एका वाडीजवळ, वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, टाकलेला जुना साकव आहे मी. माडाची दोन खोडे, वर आडव्या फळ्या आणि हाताला धरायला एक बांबू, एवढाच माझा संसार. तरीही पावसाळ्यात माझ्यावाचून वाडीला शाळा नाही, दुकान नाही आणि डॉक्टरही नाही. म्हणून थोडा तोरा मिरवला तर रागावू नका.

माझे नेमके वय सांगता येत नाही, कारण माझे निम्मे अंग नेहमी नवेच असते. दर मे महिन्यात वाडीतली माणसे जमत, कुजलेले खोड काढत, नवे टाकत आणि काथ्याने आवळून बांधत. हरिश्चंद्र नावाचे शेतकरी कोयता घेऊन सगळ्यांच्या पुढे असत. चहा, थट्टामस्करी, एकमेकांवर खेकसणे, सगळे माझ्या अंगावरच चाले. ते दिवस मला फार आवडत.

मग हायस्कुलात नेतृत्व शिबिर आले. नववी-दहावीच्या मुलांनी गावातला एक प्रश्न निवडायचा आणि तो सोडवायला पुढाकार घ्यायचा, असे त्यात होते. वाडीतल्या किशोरीने मला निवडले. कारण होती तिची शेजारीण हौसाबाई. आदल्या पावसात ही म्हातारी माझ्यावरून घसरली आणि थोडक्यात वाचली. तिला निर्धास्त येता-जाता यावे, एवढेच त्या मुलीच्या मनात होते.

किशोरीने टेप लावून माझी लांबी मोजली. दिवसभर काठावर बसून येणारी-जाणारी माणसे मोजली. पक्क्या पुलासाठी तिने पंचायतीला अर्ज केला आणि डावे खोड पोखरू लागले आहे, हेही त्यात लिहिले.

"लिव गो बाय, हौसाबाय हयसर आपटली म्हणान," हौसाबाई हसत म्हणाली. "पेपरात तरी नाव येतला माजा."

शिबिराच्या समारोपाला तळेऱ्याच्या सभागृहात किशोरी माझ्याविषयी बोलली आणि तिच्या गटाला पहिले बक्षीस मिळाले. सिमेंटचा पूल नक्की होईल, असे एका पाहुण्यांनी तिथे जाहीर केले. संध्याकाळी मुले ढाल उंचावत माझ्यावरून घरी गेली. त्यांचा आनंद पाहून मलाही भरून आले.

पुढच्या मे महिन्यात हरिश्चंद्र कोयता घेऊन आले, पण बाकी कोणी येईना.

"आता कशाक माड तोडूचो?" एकाने पलीकडूनच विचारले. "पोरांनी काम केल्यानी. सिमेंटाचो पूल येतलो."

"येतलो तेव्हा येतलो. ह्या वर्साचा काय?" हरिश्चंद्र म्हणाले.

एकट्या माणसाला खोड हलत नाही. तासभर वाट पाहून ते परत गेले. किशोरीलाही पाहुण्यांचा शब्द खरा वाटला होता.

मी काय करणार? माझे डावे खोड आतून भुसा झाले होते आणि वरून धडधाकट दिसत होते. मला ते कळत होते, पण सांगायला तोंड नव्हते. जुलैत एका सकाळी हौसाबाई औषध आणायला निघाली. ती मधोमध आली आणि मी मोडलो. किशोरीने आणि हरिश्चंद्रांनी तिला पाण्यातून ओढून काढले. जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले. आता ती मुंबईला मुलाकडे अंथरुणावर आहे. मी तिला सावरू शकलो नाही, याची मला फार लाज वाटते.

दुसऱ्याच दिवशी सगळी वाडी जमली. सकाळी आले, नवे खोड टाकले आणि दुपारी जेवायला घरी गेले. एवढेच काम होते ते! बांधता बांधता कोणीतरी पुटपुटले, "ह्या चेडवाच्या नादाक लागलो आणि म्हातारेचो पाय मोडलो."

ते चेडू, म्हणजे ती मुलगी किशोरी, काथ्याचे वेटोळे हातात घेऊन तिथेच उभी होती. तिने ते ऐकले.

पूल अजून कागदावरच आहे. यंदाच्या शिबिराचा निरोप घेऊन तिचा वर्गमित्र दीपेश आला, तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, "सरांका सांग, माजा नाव घालू नकात. माका जमाचा नाय."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत असे शिबिर येईल. अर्ज जरूर करा. मात्र उत्तर येईपर्यंत आपल्या हातातले काम सोडू नका. आणि कधी आमच्या वाडीत आलात, तर किशोरीला एवढे सांगा की तिने लिहिलेले सगळे खरे होते आणि दोष तिचा नव्हता. मी तिला रोज सांगू पाहतो. पण माझ्याकडे करकरण्याखेरीज दुसरी भाषा नाही, आणि ती करकर ऐकली की ती पोर घाबरते आणि पळतच पलीकडे जाते.