मोजणीत न धरलेली अक्काताई

मी एक म्हातारी घोडी आहे. नाव मोना. मित्रांनो, हातकणंगल्यात पिराजी मालकांच्या गोठ्यात, म्हशींच्या शेजारी माझा जन्म झाला. तरुणपणी मी गाडीच्या शर्यतीत पळाले. गुलालाने माझी पाठ लाल व्हायची. मग पुढचा पाय दुखावला. पाय बरा झाला, पण वेग गेला, आणि चार वर्षं मी नुसती दावणीला उभी राहिले.

एके दिवशी कोल्हापूरजवळच्या एका केंद्रातून अनुजा डॉक्टर आल्या. घोड्यांच्या सहवासात खचलेल्या माणसांना खरंच बरं वाटतं का, हे त्यांना तपासायचं होतं. माझा शांत स्वभाव बघून त्या मला घेऊन गेल्या. तिथे निम्मी माणसं आम्हा घोड्यांना खरारा करायची, निम्मी बागेत गप्पा मारत बसायची. दर मंगळवारी सगळ्यांना तेच प्रश्न : झोप लागते का, जेवण जातं का?

शिरोळची अक्काताई माझ्या वाट्याला आली. तिचे यजमान तात्यासो पुरात गेले होते. तेव्हापासून ती घरातही 'व्हय-न्हाय'पलीकडे बोलत नव्हती. आठ मंगळवार तिने मुकाट्याने खरारा केला. हात मात्र हळूहळू मऊ होत गेला.

नवव्या मंगळवारी तिने माझ्या मानेला कपाळ टेकलं.

"मीच म्हटलं त्यास्नी, माघारी जावा, म्हस सोडून आणा. पाणी वाढलेलं मला दिसत हुतं की."

नेमकी तेव्हाच माझ्या खांद्यावर माशी बसली. माझी कातडी थरथरली. अक्काताई झटकन मागे सरली.

"हिला बी माझी किळस आली," असं पुटपुटत ती निघून गेली. मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा हवी होती.

दोन मंगळवार ती फिरकली नाही. शेवटी डॉक्टर स्वतः शिरोळला जाऊन तिला घेऊन आल्या. ती लांबच उभी राहिली.

"घोडी अंग चोरती माझ्यापास्नं."

"अक्का, माशी बसली की घोड्याची कातडी अशीच हलते. हे बघा, आत्ताही हलली."

अक्काताई बघत राहिली. मग माझ्या आयाळीत बोटं रुतवून ती रडली, आणि म्हशीची ती गोष्ट तिने पहिल्यांदा माणसाला सांगितली.

पण दोन आठवडे चुकल्यामुळे तिच्या उत्तरांचा कागद मोजणीत धरता आला नाही. बाकीच्यांची मोजणी झाली. बागेतली माणसंही जवळजवळ तेवढीच सावरली होती. "घोड्यांमुळे फरक पडला, की कुणीतरी आपली वाट बघतंय म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही," असं डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाल्या. खरं तर मलाही ते ठाऊक नाही. केंद्र बंद झालं. अक्काताईचं पुढे काय झालं, ते मला कळलं नाही.

आता मी पुन्हा पिराजी मालकांच्या दावणीला आहे. मालक थकले, खुरं तासायला त्यांना वाकवत नाही. माझी खुरं वाढून फाटली आहेत, उभं राहताना कळ येते. तरी मी गप्प असते, म्हणून येणारे-जाणारे म्हणतात, "घोडी लई गुणाची हाय."

मित्रांनो, गुणाची म्हणून पुढे जाऊ नका. खाली वाका, एकदा पाय उचलून बघा. आम्हाला सांगता येत नाही.