लोणच्याचे दोन व्होल्ट

शाळेच्या सायन्स एक्झिबिशनमध्ये पूर्वाच्या टेबलावर सगळं मांडून तयार होतं. तांब्याच्या तारा, जस्त चढवलेले खिळे, मीटर आणि एक चिमुकला लाल एलईडी. लिंबं तेवढी खोक्यात होती, आणि खोकं काही उघडत नव्हतं.

खोकं हुसैनमियाँनी बांधलं होतं. मवालेहच्या फळ-भाजी मार्केटात त्यांचा गाळा. माणूस मूळचा रत्नागिरीचा, आणि सुट्टीवर गावी निघालेल्यांची खोकी बांधण्यात त्यांचा हात धरणारं मस्कतमध्ये कोणी नाही. त्यांची चिकटपट्टी बसली की विमान उलटं झालं तरी आतला खजूर जागचा हलत नाही. वर मार्करने लिहिलं होतं: रमण साळवी, मु. पो. देवरुख.

"बाबा, हे देवरुखला का चाललंय?"

"सवयीने लिहिलं असेल," गाडीच्या किल्लीने पट्टी खरवडत रमण म्हणाला. "मी स्वतः फोन केलाय. एक किलो लिंबं, नीट पॅक करा म्हटलं."

खोकं उघडलं. आत काळी, कडकडीत, वाळवलेली लिंबं. त्यातलं एक खाली पडलं आणि सुपारीसारखं टणटण उड्या मारत शेजारच्या ज्वालामुखीच्या टेबलाखाली गेलं.

"अहो, ही तर आपण दर सुट्टीत गावी वाटतो ती," वसुंधरा म्हणाली. "तुमच्या आत्यांनी कोळसा समजून बंबात घातलेली."

पूर्वाचा चेहरा उतरला. "यात ज्यूसच नाही. आई, गेल्या वर्षी माझी पवनचक्की फिरली नाही. आता लाइट पण नाही लागला तर सगळे हसणार. जज मॅडम तीन टेबलं लांब आहेत."

रमणने फोन लावला. "हुसैनमियाँ, ओली लिंबं पाहिजे होती."

"ओली? विमानात गळतील ना, भाऊ."

"कसलं विमान? मी शाळेत आहे."

"मग पॅक कशाला करायला सांगितलंत?" हुसैनमियाँ म्हणाले. "बरं, वजन बघा. अजून दोन किलो खजूर बसेल."

फोन ठेवून रमण खुर्चीत बसला. "इन्शाल्ला, होईल काहीतरी."

"बाबा, तुम्ही आणि खुर्ची सेम पोटेन्शियलवर आहात," पूर्वा वैतागून म्हणाली. "डिफरन्स नसला की चार्ज हलत नाही. मग काम झीरो."

"मी लग्नापासून हेच सांगतेय," वसुंधरा म्हणाली. "मला फक्त व्होल्ट माहीत नव्हते."

काही सुचलं नाही की वसुंधरा डबा उघडते. तिने पराठे काढले, लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडली. आंबट वास पसरला आणि पूर्वाची मान वळली.

"आई, यात तेल आहे?"

"नाही गं, उपासाचं आहे. लिंबू, मीठ, साखर. बस."

"मीठ पण? मग यातून करंट जाईल. आई, दे."

"दोन फोडी घे. पुढच्या सुट्टीपर्यंत पुरवायचंय."

"चार सेल करायचेत. पूर्ण बरणी लागेल."

वसुंधराने लेकीकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, आणि बरणी दिली. कॅन्टीनमधून आणलेल्या चार कागदी कपांत लोणचं गेलं. प्रत्येकात एक खिळा, एक तार. एका कपाचा खिळा पुढच्या कपाच्या तारेला. शेवटचं टोक जोडलं आणि एलईडी मिणमिणत लागला.

जज मॅडम आल्या, वाकल्या, मग अजून वाकल्या. "इथे काम कोण करतंय?"

"लोणचं, मॅम," पूर्वा म्हणाली. "लाइटवर दोन व्होल्टचा डिफरन्स आहे. म्हणजे एक कूलोम चार्ज यातून गेला की दोन ज्यूल काम होतं. त्याची एनर्जी लोणचं आणि जस्त मिळून देतात."

"आणि हे काळे गोळे?"

"ती ड्राय लिंबं. त्यांच्यात करंट जात नाही. कम्पॅरिझनसाठी ठेवलीत."

रमणने शर्ट नीट केला. "मुद्दाम मागवली," तो म्हणाला. वसुंधराने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मॅडमनी हसून काहीतरी लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत लाइट चालू ठेवायला सांगितला. प्रिन्सिपॉलना दाखवायचा होता.

मग तिघं टेबलामागे कोरडे पराठे खायला बसले. सवयीने रमणचा हात लोणच्याच्या कपाकडे गेला.

"बाबा, त्यात खिळे आहेत," पूर्वा म्हणाली. "आणि ते ड्यूटीवर आहे."

वसुंधराने एक काळं लिंबू फोडलं, त्याचा चुरा रमणच्या पराठ्यावर भुरभुरला आणि लाल ठिपक्याकडे बघत निवांत घास घेतला.