दोनदा सुरू होणारे द्वंद्व

मी एक जुने पुस्तक आहे, मित्रांनो. पोशेरा या आदिवासी गावाकडच्या एका शाळेत पत्र्याच्या कपाटात माझा मुक्काम आहे. माझ्यात एका जादूच्या तलवारीची गोष्ट आहे.

सोळा पानांचा एक फॉर्मा, असे बारा फॉर्मे शिवून माझी बांधणी व्हायची होती. कारागिराने अकरावा फॉर्मा दोनदा लावला आणि बारावा राहून गेला. त्यामुळे दोन जादूगारांचे द्वंद्व पान १६१ वर सुरू होते, पान १७६ वर तलवार उगारली जाते आणि समोरच्याच पानावर द्वंद्व पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

१९९८ च्या दिवाळीच्या तोंडावर सहावीतल्या हौशीने मला घरी नेले. ती मोठ्याने वाची आणि तिची आई गोजाबाई नाचणी पाखडत ऐके.

"आये, परत तीच लढाई लागली."

"मग? बोहाड्यात मुखवटे घालून सोंगं नाचतात, तवा राक्षस दरसाल मरतो न् दरसाल उठतो. त्याला कोण इचारतं?"

हौशी हसली नाही. माझ्यातली तलवार द्वंद्व जिंकणाऱ्याचेच ऐकत असे. पण दुष्ट जादूगाराने ती मालक झोपेत असताना पळवली होती आणि द्वंद्वात तो तिच्याच जोरावर जिंकत चालला होता.

"मग ती आता कोणाचं ऐकंल?"

"ज्याच्या घरचं सोंग, त्याच्याच अंगात येतं. दुसऱ्यानं मुखवटा चढवला तर नुसतं लाकूड."

"मग चोर जिंकतोय कसा?"

गोजाबाईचे सूप थांबले. "बाईंना इचार. भट्टीवर जायच्या आधी इचार."

दिवाळीनंतर ते कुटुंब वीटभट्टीवर जाणार होते. हौशीला पुन्हा शाळेत यायला मिळेल, याची खात्री कोणालाच नव्हती. तिने माझ्या शेवटच्या पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिले: 'मालक हरला नव्हता, झोपला होता. मग तलवार कोणाची?'

ती ओळ वाचून तिच्या शिक्षिका उज्ज्वलाबाईंनी त्याच दिवशी प्रकाशकांना राहिलेल्या फॉर्म्यासाठी पत्र धाडले. भट्टीकडे जाणारी जीप भरली त्या सकाळीही हौशीने विचारले, "टपाल आलं का, बाई?"

"तू परत ये. मी उत्तर ठेवते."

बारावा फॉर्मा फाल्गुनात आला. बाईंनी तो माझ्यात सुटाच ठेवला. मी ती सोळा पाने अधीरतेने पडताळली. चोर हरतो, राज्य वाचते, राजकन्येचा विवाह होतो. तलवार कोणाची, याविषयी एक ओळही नाही. मी पुन्हा पडताळली. आजही पडताळते.

हौशी जूनमध्ये आली नाही. पुढच्या जूनमध्येही नाही. त्याला आता आठ वर्षे झाली. बाईंची बदली झाली आणि माझे नाव रद्दीच्या यादीत चढले. शेरा आहे: 'दुबार पाने, सुटी पाने, पेन्सिलीचे लिखाण.' त्यातले काहीच खोटे नाही.

मित्रांनो, यादीवर सही होण्याआधी तुमच्यापैकी कोणीतरी मला घरी न्या. सुटी पाने हरवली तरी चालतील. पेन्सिलीची ती ओळ मात्र खोडू नका. बाईंनी हौशीला उत्तर ठेवते म्हणून सांगितले होते. उत्तर आलेच नाही, एवढे तिला सांगण्यासाठी तरी मी शिल्लक राहिले पाहिजे.