अंगणातली प्रार्थना

"देवाम्होरं डोळं उघडं ठिवून बसतीस? म्हायेरी काय शिकवलं का न्हाई तुला?"

सूर्यभाननं सुनेला पुन्हा फैलावर घेतलं. चांगुणा पीठ मळत होती, तिनं मान वर केली नाही. म्हाताऱ्याचं खोटं होतं असंही नाही. काल सांजच्या प्रार्थनेला आमेन म्हणून त्यानं डोळे उघडले, तेव्हा सूनबाई अंगणापल्याडच्या उसाकडं टक लावून बसली होती.

"मामा, माझी एस्तू रांगाया लागलीय. बिबट्याचा काय भरवसा? घरात बसून करू की प्रार्थना."

"माझ्या बापानं ह्याच अंगनात केली. जनावराच्या भ्यानं देवाला घरात कोंडू व्हय?"

चांगुणाचा नवरा नागापूरला कारखान्यात दुसऱ्या पाळीला, घरात सूर्यभानचाच शब्द चाले. ताटावर बसताना, पेरणीला पाभर धरताना, एस्टीत चढताना आधी देवाचं नाव घेणारा माणूस. ढोंगी मुळीच नव्हता, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! चांगुणाला त्याचा राग यायचा आणि धाकही वाटायचा.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवरचं वासरू गेलं. वनखात्यानं उसापलीकडच्या बांधाला पिंजरा लावला, त्यात शेळी ठेवली. ती बिचारी दिवसभर ओरडायची. आज दुपारपासून तिचा आवाज नव्हता.

सांज झाली. हवा अशी कोंडली होती की उसाचं पातं हलेना. सूर्यभाननं अंगणात गोधडी अंथरली आणि उसाकडं पाठ करून बसला. शेजारी त्याची बायको बायडाबाई, समोर चांगुणा, मधे एस्तू.

"डोळं मीट," त्यानं सुनेला बजावलं आणि सुरू केलं, "हे आमच्या सोर्गातल्या बापा..."

चांगुणानं डोळे मिटले. खरंच मिटले. पण वारा नसताना पाचट वाजलं.

तिनं पाहिलं. सासऱ्याच्या पाठीमागं, उसाच्या तोंडाशी तो दबून बसला होता. म्हाताऱ्याकडं त्याचं लक्ष नव्हतं. तो बघत होता गोधडीच्या कडेकडं रांगत निघालेल्या एस्तूकडं.

ओरडावं तर सासू उठून पळणार, आणि पळालं की तो झेप घेणार. प्रार्थना चालू असताना सूर्यभान दुसरं काही कानावर घ्यायचा नाही. मग तिनं त्याच सुरात, त्याचा शब्द तोडून, मोठ्यानं सुरू केलं.

"हे बापा! त्यो आलाय, बापा! मामांच्या पाठीमागं बसलाय! मामांना एकदम हलू दिऊ नगं, आत्यांना पळू दिऊ नगं! मी एस्तूला उचलतीय, माझं हात कापू दिऊ नगं! आता समद्यांना संगंच उभं कर, बापा! मामांचं त्वांड दमानं तिकडं फिरीव! आमाला मागं मागं ने, दारापोतर ने!"

सूर्यभानचे ओठ थांबले. पण ती म्हणेल तसा तो उठला, तसा वळला. बायडाबाई "व्हय बापा, व्हय बापा" करत त्याच्या दंडाला लटकली. सगळे एकमेकांना चिकटून मागं सरकू लागले. बिबट्याही उठला आणि पुढं आला. चांगुणाचा आवाज चिरकला, तरी तिनं थांबू दिला नाही. उंबरा पायाला लागला, सगळे आत झाले आणि सूर्यभाननं कडी घातली.

सूर्यभान दाराला पाठ लावून सुनेकडं वळला.

"चांगुणा, डोळं मिटाया म्याच लावलं तुला."

तिनं एस्तूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आन् ते बोलत हुतीस, ते देवाशी का आमच्याशी?"

"देवाशीच, मामा." आज तिला त्याचा धाक वाटला नाही. "रोज तुमच्या भ्यानं म्हनायचे. देवाशी आज पयल्यांदाच बोलले."

म्हाताऱ्याला ते फार लागलं. त्यानं तोंड उघडलं, पण जन्मभर जिभेवर असलेले शब्द त्याला सापडेनात. बाहेर गोधडी फरफटल्याचा आवाज आला. तो आवाज दाराजवळ येऊन थांबला.

"पोरी," सूर्यभान कुजबुजला, "तूच म्हन म्होरं."