मापासाठी उभी

जुन्या इमारतीचा फोटो काढायचा तर शेजारी काहीतरी मापाचं उभं करावं लागतं. नाहीतर दरवाजा वीस फुटांचा आहे की साठ फुटांचा, हे फोटो बघून देवालासुद्धा सांगता येणार नाही. चौतीस वर्षं मी जुन्या इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. तिथे आम्ही काळे-पांढरे पट्टे रंगवलेली काठी उभी करायचो. मी निवृत्त झालो, काठी कचेरीतच राहिली, आणि मी बायकोला उभं करायला लागलो.

हिची उंची एकशे बावन्न सेंटिमीटर, चपलेसकट एकशे चोपन्न. "भिंतीकडे तोंड कर," मी सांगायचो. कारण माणूस कॅमेऱ्याकडे बघत असला की फोटो बघणारा त्याच्या तोंडाकडेच बघत बसतो आणि कमान राहते बाजूला. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती खूप हसली होती. "अहो, लोक बायकोचे फोटो काढतात. तुम्ही बायको लावून भिंती मोजता!" हे तिने लेकीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दाताच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितलं. मलाही त्यात गंमतच वाटायची.

दोन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी गॅस, मग किल्ल्या, मग शेजारणीचं नाव. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या रस्त्यावरही एकटीला सोडू नका. लेक परदेशात असते. तिने फोनवर बजावलं, "बाबा, आता प्रवास बंद." मी म्हटलं, हवापालट होईल, तिला बरं वाटेल. खरं सांगायचं तर हवापालटासाठी मी निवडलेलं ते जुनं तटबंदीचं शहर मलाच बघायचं होतं. चौतीस वर्षं दुसऱ्यांनी आणलेल्या मोजमापांवरून मी त्याच्या वेशी कागदावर काढल्या होत्या आणि एकदाही तिथे पाय ठेवला नव्हता.

शिवाय आमचा ग्रुप होता. कचेरीतले आम्ही अकरा निवृत्त लोक, ग्रुपचं नाव 'पेन्सिलवाले'. मी फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी बायकोच्या उंचीवरून कमानीचं माप ओळखायचं, हा आमचा खेळ. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आम्हा अकरा जणांना बघूनच म्हणत असतील. तीन दिवसांत मी दोनशे सोळा फोटो काढले. प्रत्येकात ही होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आम्ही उत्तरेच्या वेशीपाशी आलो. मी तिला कमानीच्या पायाशी नेऊन उभं केलं.

"इथेच थांब. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

"भिंतीकडे ना?" तिने विचारलं.

"भिंतीकडे."

पूर्ण कमान मावायला मला साठ पावलं मागे जावं लागलं. फोटो चांगला आला. लगेच ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये एक आहे, त्याला आम्ही कंपास म्हणतो. त्याने मिनिटाच्या आत लिहिलं, 'एकोणीस फूट.' एकोणीस! माझं डोकंच फिरलं. या माणसाने माझ्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं काढली होती. उन्हाने स्क्रीन दिसेना, म्हणून मी जवळच्या झाडाखालच्या बाकावर जाऊन बसलो. बाकाची पाठ वेशीकडे होती. तिथे बसून मी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं, चपलेसकट उंची किती, नुसती किती, सगळं.

परत गेलो तर भिंतीपाशी कोणी नव्हतं.

आधी मला राग आला, तो का लपवू? सांगितलेलं एक साधं काम, नुसतं उभं राहायचं. मग तिकीटखिडकी, बायकांचं स्वच्छतागृह, चित्रांची दुकानं, बसथांबा असा धावलो आणि धावता धावता राग कुठे गेला ते कळलंच नाही. तोंडचं पाणी पळालं होतं. तिचा फोन माझ्याच पिशवीत होता. ती तो कुठेतरी हरवेल म्हणून मीच काढून घेतला होता.

तिकीटखिडकीशेजारी पोलीस चौकीची खोली होती. तिथल्या पोलीसबाईने आधी मला पाणी दिलं, मग म्हणाली, "काका, आजचा एखादा फोटो असेलच ना?"

"आहेत की," मी म्हटलं आणि फोन पुढे केला.

तिने एक बघितला, दुसरा बघितला, मग अंगठ्याने भराभर सरकवत गेली. "चेहरा दिसेल असा?"

सगळ्यांत पाठच होती. तिने फॉर्म ओढला.

"उंची?"

"एकशे बावन्न. चपलेसकट एकशे चोपन्न."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "चष्म्याची फ्रेम?"

"काळी. काळीच असावी."

"खूण काही? तीळ, व्रण?"

"हनुवटीपाशी तीळ आहे."

"कुठल्या बाजूला?"

माझा हात माझ्याच हनुवटीवर गेला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी तिथे स्वतःचं तोंड चाचपत बसलो होतो.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "तुम्हाला त्यांची हाक वगैरे ऐकू आली होती का?"

"नाही," मी म्हटलं.

ग्रुपवर लिहिलं, 'ही हरवली आहे. चेहरा दिसेल असा फोटो कुणाकडे असला तर पाठवा.' त्याच्या खालोखाल आधीच्या फोटोवर कुणाची तरी दाद आली, 'अप्रतिम! काय कमान आहे!' मग सगळ्यांचे फोन आले. कंपास तर रडायलाच लागला. त्याने माझ्या निरोपसमारंभाचा फोटो शोधून काढला. त्यात ही माझ्या पुष्पगुच्छामागे होती.

लेक दुसऱ्या दिवशी विमानाने आली. तिच्याकडचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा, गाल भरलेले, केस काळे रंगवलेले. आता गाल बसले होते, केस पांढरे आणि कापलेले. रोज व्हिडिओवर बोलायची आईशी, पण बोलणं कोण साठवून ठेवतं? शेवटी पोलिसांनी जुना चेहरा आणि नवी पाठ असे दोन फोटो शेजारी शेजारी लावले. चार दिवसांत सात फोन आले. प्रत्येक वेळी आम्ही धावत गेलो. एका बाईला तर भर बाजारात मी मागून खांद्याला धरलं. तीच उंची, तसाच निळा स्वेटर. ती वळली आणि तिने माझे वाभाडे काढले. मी ऐकून घेतलं, बरंच वाटलं.

पाचव्या दिवशी पोलीसबाईनेच युक्ती काढली. त्या दुपारी चार ते पाच वेशीपाशी कुणी फोटो काढले असतील तर पाठवावेत, असं तिने सगळीकडे जाहीर केलं. लोक चांगले असतात. सहाशेच्या वर फोटो आले. लॉजच्या खोलीत लेक आणि मी दिवसभर तेच बघत बसलो. हसरे चेहरे, वर केलेली बोटं, गळ्यात गळे. इतके चेहरे मी जन्मात बघितले नव्हते.

"आई!" लेक ओरडली.

एका जोडप्याने हात लांब करून स्वतःचा फोटो काढला होता. त्यांच्या मागे ही. लेकीने फोटो मोठा केला. चष्म्याची फ्रेम तपकिरी. तीळ डाव्या बाजूला. इतका स्वच्छ चेहरा की मला हुंदका आवरेना. लेकही रडत हसत होती, "मिळाला बाबा, मिळाला फोटो!" आणि आई बघते आहे कुठे हे पाहायला तिने फोटो बाजूला सरकवला.

बाजूला बाक होता. बाकावर मी होतो, मान फोनमध्ये. ही माझ्या मागे, जेमतेम पंधरा पावलांवर. माझा डावा हात खांद्याच्या वर होता, पंजा उघडा, तिच्या दिशेने.

लेक माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणालात की हाक ऐकू आली नाही."

आली होती. दोनदा आली होती. "अहो," आणि मग जरा मोठ्याने, "अहो." मला वाटलं, हलू का म्हणून विचारते आहे. मी मागे न बघता हात वर केला, थांब म्हणून, आणि कंपासचं उत्तर पुरं केलं. हे मी चौकीत सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही, आणि हा फोटो बघेपर्यंत स्वतःलाही पटवत आलो होतो की तसं काही झालंच नव्हतं.

फोटोत ती घाबरलेली नाही, हे मला सहन होत नाही. गर्दीत आपलं माणूस सापडल्यावर तोंडावर जे येतं ते तिच्या तोंडावर आहे. तिने मला शोधून काढलं होतं.

लेकीने डोळे पुसले, फोटोतून मला कापून टाकलं आणि उरलेला चेहरा पोलीसबाईला पाठवला. तोच आता शहरभर लावला आहे. अकरा महिने झाले. फोन येत नाहीत.