लकव्याचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे खरा, पण माझ्यात बघून आजवर कुणी भांग पाडलेला नाही. कुणी सुरमा घातला नाही, की मिशीला पीळ दिला नाही. मी काचेचा नाही, काशाचा आहे. भाकरीएवढा गोल, आणि धरायला खाली मूठ. माणसाचं तोंड वाकडं झालं की घरात माझी आठवण व्हायची, आणि ते सरळ झालं की मला फडक्यात गुंडाळून परत पाठवायचे. निरोप द्यायला कुणी दारापर्यंतही येत नसे. आजाराच्या पाव्हण्याला कोण थांबवून घेणार?

माझा जन्म चिपळूणच्या एका कासाराच्या भट्टीत झाला. तांबं आणि कथील वितळवून मला साच्यात ओतलं, दगडावर घासलं, मग चिंच आणि राख लावून दिवसचे दिवस उजळलं. मला बनवून घेणारे होते दाभोळच्या खाडीकाठचे हकीम खिजर. ते मला न्यायला आले तेव्हा कासार म्हणाला, "हकीमसाहेब, मुंबईहून काचेचा आरसा मागवला असतात तर चेहरा लख्ख दिसला असता."

"लख्खच नको आहे," हकीमसाहेब म्हणाले. "काच फार खरं बोलते. आजाऱ्याला एवढं खरं सोसत नाही. काशात चेहरा जरा मवाळ दिसतो."

माझ्या वाट्याला आलेली ती पहिली आणि शेवटची स्तुती. पुढची सगळी मधाला आणि जायफळाला मिळाली.

त्या काळी कुणाचं अंग लुळं पडलं की लोक म्हणत, "अंगावरून वारं गेलं." खाडीपलीकडचे वैद्यही वाऱ्यालाच दोष देत. फक्त ते त्याला वात म्हणत, आणि तेल चोळून, वाफ देऊन, नाकात औषधी तेलाचे थेंब सोडून त्याची समजूत काढू बघत. आमचे हकीमसाहेब कफाला धरून बसलेले. अरबी-फारसी ग्रंथ वाचलेल्या त्यांच्या वाडवडिलांनी त्यांना शिकवलं होतं, की मेंदूतून निघणाऱ्या नसा म्हणजे शेताचे पाट. त्यांतून हालचालीचं बळ वाहतं. थंड, ओला कफ गाळासारखा पाटात साचला की पुढचं शेत पडीक. अर्धं अंग गेलं तर त्याला ते फालिज म्हणत, आणि नुसता अर्धा चेहरा गेला तर लकवा.

थंड-ओल्यावर उपाय अर्थातच गरम-कोरडा. पहिले काही दिवस अन्न बंद, नुसतं मधाचं पाणी. मग कबुतराचा रस्सा, मोहरीच्या काढ्याच्या गुळण्या, वाकड्या गालात धरायला जायफळ. एवढ्यानं भागलं नाही तर कानामागे तापलेल्या सळईचा डाग. ती सळई माझ्याच पेटीत असायची. आमचं फारसं बोलणं नसे. तिचा स्वभाव तापट.

माझं काम त्या मानानं सौम्य. आजाऱ्याला अंधाऱ्या खोलीत बसवत, खिडक्यांना गोधड्या लावत आणि मला त्याच्या हातात देत. अंधुक उजेडात माणूस डोळे ताणून बघतो, आपलं तोंड वाकडं दिसलं की ते सरळ करायला धडपडतो, आणि धडपडता धडपडता नस जागी होते, असा हिशोब. तोवर कुणी आत यायचं नाही. बघणाऱ्याची नजर लागते. मधाचं पाणीसुद्धा उंबऱ्यावर ठेवून जायचं. म्हणून माझ्यात जितकी माणसं दिसली, ती सगळी एकेकटी दिसली.

बहुतेकांचे चेहरे सुधारत. असे लकवे पुष्कळदा आपोआपच बरे होतात, हे तेव्हा मला कुठलं माहीत? मला वाटे, मीच बरं करतो.

पण खदिजा नावाच्या एका होडीवाल्याच्या बायकोला मी विसरलो नाही. तिचा चेहरा सरळ झाला आणि डोळा गेला. पांढरा पडला, भाताच्या शितासारखा. हकीमसाहेब हळहळले. म्हणाले, "कफ डोळ्यात उतरला." तो कसा उतरला ते मी रोज बघत होतो. खदिजा डोळे मिटायची तेव्हा एकच मिटायचा. दुसरा अर्धा उघडाच राहायचा, आणि बुबुळ वर पळून नुसतं पांढरं दिसायचं. तिला ते कळत नव्हतं. बुबुळ वर गेलं की तिच्यापुढे अंधार होई, तिला वाटे मिटला. झोपेतसुद्धा तो डोळा तसाच, वाऱ्याधुळीला उघडा. बघणारा मी एकटा होतो, आणि मला तोंड नाही.

हकीमसाहेब गेले. गावात डॉक्टर आला. सळई कुणी चुलीतले निखारे ढवळायला नेली, आणि मी त्यांच्या पणतीच्या, अकीलाच्या वाट्याला आलो. लग्न होऊन बहारीनला निघाली तेव्हा तिनं मला सुक्या कोळंबीचे सोडे आणि आमसुलांच्या मधे दाबून बॅगेत घातलं. "परनानांची आठवण," म्हणाली. माहूजच्या तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती आठवण कित्येक वर्षं तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून राहिली. मूठ भिंतीला, तोंड तांदळाकडे. तांदूळ दिसायला सगळेच सारखे. त्यांना आरशाचं काय?

अकीलाचा नवरा हुसेन मनामातल्या एका गोदीच्या कंपनीत क्लार्क. मुलगी मेहरीन ईसा टाउनच्या शाळेत नववीत. आई मराठीत विचारायची, मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि बाप दोन्हीत हसायचा. आखाताचं युद्ध संपून तीन-चार वर्षं झाली असतील. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी अकीलानं चूळ भरली, आणि पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून आपसूक गळून गेलं.

हुसेन म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊ. यल्ला, चल, कपडे कर."

"डॉक्टर कशाला?" अकीला म्हणाली. अर्धे शब्द गालातच सांडत होते. "हा एसीच्या गार वाऱ्यानं झालेला लकवा. हकिमाच्या घरची आहे मी, मला कळत नाही?"

आणि तिनं मला तांदळावरून उचललं, चिंचेनं घासलं. इतक्या वर्षांनी माणसाचा चेहरा दिसला, पण आनंद कसला करणार? मी कामावर आलो याचा अर्थच वाईट असतो.

बेडरूमचे जाड पडदे ओढले गेले. एसी बंद झाला. ऑगस्टमधला बहारीन, मित्रांनो! भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखं वाटे. वाऱ्याची झुळूक फटीतूनही यायला नको म्हणून हॉलचा एसीसुद्धा बंद.

"मम्मा, इट्स लाइक ॲन ओव्हन," मेहरीन बंद दाराबाहेरून म्हणाली.

"लकवा तुझ्या मम्माला, घाम आपल्याला," हुसेन म्हणाला. पण त्यानं एसी लावला नाही. सासुरवाडीच्या हकिमाचा मान म्हणा, बायकोचा धाक म्हणा. तो हॉलमध्ये सतरंजीवर झोपू लागला, आणि सकाळ-संध्याकाळ उंबऱ्यावर मधाचं पाणी ठेवून "ठेवलंय गं" म्हणून निघून जाऊ लागला. दोनदा त्यानं डॉक्टरचं नाव काढलं. दोन्ही वेळा आतून 'नको' आलं.

आत ती आणि मी. ती गाल फुगवून बघायची, शीळ घालून बघायची. वारा एका बाजूनं निसटायचा. दर शुक्रवारी ती गावी आईला, हलिमाला, फोन करत असे. आता "अम्मा" म्हणायला ओठ नीट जुळेनात, म्हणून फोन बंद. हलिमाचा फोन आला की मेहरीन सांगे, "मम्मा झोपली आहे," आणि अकीला दाराला कान लावून ऐकत बसे. मग माझ्यासमोर बसून पुन्हा पुन्हा "अम्मा, अम्मा" करून बघे. एकदा हे करताना तिला रडू आलं, तर तेही चेहऱ्याच्या अर्ध्याच बाजूला उमटलं. उरलेली बाजू परक्या बाईसारखी बघत राहिली.

आणि मी बघत होतो तिचा उजवा डोळा. मिटल्यावर खाली तीच पांढरी फट. चार दिवसांत ती लाल झाली. अकीला म्हणायची, "वाळू गेली असेल," आणि गुलाबपाणी घालायची. त्या अंधारात लाली तिला दिसत नव्हती. दिसली असती तरी माझ्या काशात सगळंच तांबूस, सगळंच मवाळ. हकीमसाहेबांनी ज्यासाठी माझी स्तुती केली, तेच आता नडत होतं. मला खदिजा आठवत होती. हाका मारायला तोंड नसलेल्यानं आठवून तरी काय करायचं?

खालच्या मजल्यावर एका साहेबांच्या घरी रखमा नावाची बाई स्वयंपाकाला होती. ती गुहागरकडची, अकीलाची मैत्रीण. दाभोळ खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची म्हणून एकमेकींना चिडवायच्या. आठवडाभर अकीला दिसली नाही, तशी रखमा एका दुपारी कुळथाचं कढण घेऊन वर आली आणि सरळ बेडरूमचं दार ढकललं.

"आत येऊ नको गो. नियम आहे," अकीला पदरात तोंड लपवून म्हणाली.

"नियम तुझ्या पणज्याचा. माझा पणजा होडी वल्हवायचा, त्यानं असला नियम नाय केला." रखमानं कढण खाली ठेवलं आणि पडदा सर्रकन ओढला. "आणि काय गो, कोंबडी खुराड्यात घालतात तशी बसलीयस? बघू तोंड."

उन्हाचा पट्टा थेट माझ्यावर आला. इतका उजेड मी खोलीत कधी बघितलाच नव्हता. रखमा आमच्या समोर बसली. अकीलाचा चेहरा तिनं हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला. मग म्हणाली, "डोळा लाल झालाय. मिट बघू."

"मिटला."

"कुठं मिटलाय?"

"मिटला गो. अंधार झाला मला."

"तुला अंधार झाला. मला पांढरं दिसतंय," रखमा म्हणाली. "इतके दिवस आरशात बघतेस ना? दिसलं नाय?"

अकीलानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग रखमाकडे. "डोळा मिटल्यावर आरशात कसं बघू?" ती हळूच म्हणाली.

कित्येक पिढ्यांच्या हकिमांना, वैद्यांना आणि मला मिळून जे सुचलं नाही, ते त्या दुपारी त्या खोलीत स्वच्छ समोर पडलं होतं. रखमानं हॉलमधल्या फोनवरून हुसेनला ऑफिसात फोन लावला. काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही. शेवटचं तेवढं आलं, "शिफ्टबिफ्ट काय नाय, आत्ता या."

हॉस्पिटलात मलाही नेलं. अकीलानं हातातून सोडलं नाही म्हणून. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध घालून निळ्या दिव्यानं तपासलं. बुबुळावर ओरखडा होता. उघडा राहून डोळा सुकला होता, आणखी उशीर झाला असता तर नजर गेली असती, असं त्यांनी सांगितलं. आताही भरवसा देता येत नव्हता. चेहऱ्याच्या एका नसेला सूज येऊन हे होतं, त्याच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या असत्या तर बरं होतं, हेही सांगितलं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. अकीलानं खालमानेनं परनानांची सगळी रीत सांगितली.

"आरशासमोर व्यायाम आम्हीही करून घेतो," बाई हिंदीत म्हणाल्या. "तुमच्या हकिमांनी ते बरोबर ओळखलं होतं. फक्त अंधार आणि एकटेपणा तेवढा काढून टाका."

डोळ्यात दिवसा थेंब, झोपताना मलम, आणि पापणी मिटून वर चिकटपट्टी. ही पट्टी अकीलाला स्वतःला लावता येईना. मिटला की नाही, तेच कळत नव्हतं ना. म्हणून हुसेन सतरंजी उचलून खोलीत परत आला. हिशोबाचे रकाने भरणारी त्याची जाडी बोटं पट्टी लावायला शिकली.

पडदे उघडे राहू लागले. संध्याकाळी अकीला मला खिडकीशी टेकवून व्यायाम करी. रखमा शेजारी बसून मुद्दाम माकडासारखी तोंडं करी, म्हणजे अकीलाला तिची नक्कल करावी लागे. मेहरीन म्हणे, "यू बोथ लुक सो फनी," आणि स्वतःही गाल फुगवून मधे घुसे. माझ्यात एका वेळी तीन तोंडं! गर्दीची सवय नव्हती मला. जरा गुदमरल्यासारखंच झालं.

शेवटी डोळ्याची पाळी यायची. अकीला घट्ट मिटून विचारायची, "मिटला?"

"मिटला, मिटला," हुसेन एकदा म्हणाला.

"खोटं बोलताय, हुसेनभाय," रखमा म्हणाली.

"मन राखायला बोललो."

"मनाचं ऱ्हाऊ दे. डोळा राखायचा हाय."

अकीला चिडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही खरं नाही सांगितलंत तर मी विचारू कुणाला? हा तर मुका." ती माझ्याकडे बोट दाखवत होती. हुसेननं मान खाली घातली. त्यानंतर तो रोज खरं सांगू लागला. "नाही." "अजून नाही." "थोडं पांढरं उरलंय." त्याचं हे 'नाही' ऐकवत नसे. पण ते ऐकूनही ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बसे.

उन्हाळा ओसरला. गालाला जाग आली, ओठ जुळले. ओरखडा भरला. नजर शाबूत राहिली, पण बुबुळाच्या कडेला धुक्यासारखा एक ठिपका कायमचा राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पापणी पुरती मिटेपर्यंत धोका आहेच.

एका शुक्रवारी नमाजाहून आल्यावर हुसेन तिच्याजवळ येऊन बसला. तिनं मला समोर धरलं, डोळे मिटले आणि विचारलं, "मिटला?"

मला दिसलं. त्याच्या आधी दिसलं. पांढरं काहीच नव्हतं. पापणीला पापणी लागली होती, पेटीचं झाकण बसावं तशी. हुसेन वाकला, चष्मा पुसला, पुन्हा वाकला. घाईघाईनं 'हो' म्हणायची त्याला आता भीती वाटत होती.

"बोला ना," ती म्हणाली.

"मिटला," हुसेन म्हणाला. "खलास. पुरता मिटला."

अकीलानं डोळे उघडले नाहीत. तशीच बसून राहिली, हसत. ओठाचा एक कोपरा अजून मागे रेंगाळत होता. तिनं मला बाजूला ठेवलं ते न बघताच, उताणं, गादीवर. मला नुसतं छत दिसत होतं, आणि त्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. हलिमाला फोन कुणी लावायचा, यावरून त्यांचं चाललं होतं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, जपा, असं काही मी सांगत नाही. काशाला काळ खात नाही, आणि तांदळाच्या डब्यावरही माझे दिवस वाईट जात नाहीत. सांगायचं ते एवढंच, की तुमच्या घरी कुणी आजारी पडलं तर त्याला डॉक्टरकडे न्या, औषध द्या, हवा तर आरसाही द्या. पण पाणी उंबऱ्यावर ठेवून निघून जाऊ नका. आत जा, उजेड करा आणि त्याच्याजवळ बसा. डोळे मिटून तो तुम्हाला काही विचारेल. त्याचं खरं उत्तर द्यायला तिथं माणूस लागतं.