टिपकागद

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही आत्ताच हात पुसले आहेत, पंख्याखाली बसला आहात, आणि दहा मोजेपर्यंत तळव्यांतून पुन्हा पाणी ठिबकू लागलं आहे.

शाळेच्या कचेरीत प्रशस्तिपत्रांवर नावं लिहिणाऱ्या एका बाईचं बावीस वर्षं असंच चाललं होतं. अक्षर असं, की ज्याचं नाव तो दोनदा वाचे. तळव्याखाली मात्र कायम टिपकागदाची घडी. हेडक्लार्क तिला ‘गळका नळ’ म्हणत. या गृहस्थांना दोन ओळींच्या पत्राला तीन दिवस लागत आणि तरी तारीख चुके. पण दुसऱ्याच्या हातांचा अभ्यास गाढा. घाम हा घाबरटपणाचा रोग, हा त्यांचा निकाल. बाकीचे शहाणे बटाटा चोळायला सांगत. बाई हसून हात पाठीमागे घेई.

त्याच शाळेत तिची नऊ वर्षांची मुलगी होती. एकदा रिंगणाच्या खेळात तिचा ओला हात कुणी धरेना. तेव्हापासून तीही हात पाठीमागे घेऊन चालू लागली, हुबेहूब आईसारखी. ते बाईनं पाहिलं. स्वतःसाठी कधी न गेलेली बाई दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी दोघींचे तळवे पाहिले. मज्जातंतू घामाच्या ग्रंथींना गरज नसताना निरोप धाडत राहतात, म्हणाल्या. पुष्कळदा हे घराण्यातच असतं. भीतीनं घाम वाढतो, पण हा काही भीतीतून जन्मत नाही.

“म्हणजे माझं काही चुकत नाही?” मुलीनं विचारलं.

“तुझं नाही गं. चुकतंय ते निरोप्याचं.”

मुलीसाठी पाण्याच्या ताटल्यांत हात ठेवून सौम्य वीज सोडायचे उपचार ठरले. आईला झोपताना लावायचं औषध मिळालं. बाईनं जन्माच्या सवयीनं आधी हात धुतले आणि ओल्या तळव्यांवरच ते चोपडलं. सकाळी तळवे लालभडक. ते औषध ओल्या कातडीला पोळतं. हेडक्लार्कना कोण आनंद!

“काय बाई, आता गरम पाण्याचा नळ का?”

तळवे पूर्ण कोरडे करून मगच औषध लावायला ती शिकली, तेव्हा कुठे महिन्याभरात एकच टिपकागद दुपारपर्यंत टिकू लागला. मुलीचे हात मात्र अजून ओलेच होते.

बक्षीस समारंभात मुलीचा चित्रकलेत पहिला नंबर आला. प्रशस्तिपत्रावर नाव आईच्या अक्षरात. पाहुणे आले नाहीत, म्हणून हेडक्लार्कच बक्षिसं द्यायला उभे राहिले. अशा कामात ते कधी मागे नसत. मुलगी समोर येताच त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, “आधी हात पूस. आईवर गेलीस अगदी.”

लोक हसले. खुर्चीत बसलेल्या बाईचे हात आपोआप मागे जाऊ लागले. तिनं ते परत आणून मांडीवर उघडे ठेवले.

मुलीनं रुमाल घेतला. त्याची नीट घडी करून टेबलावर ठेवली. मग आपला ओला हात पुढे केला, आणि त्यांनी तो धरेपर्यंत मागे घेतला नाही.